गायरानावरचे गवत आणि वर्गातली जैवविविधता: विद्यार्थ्यांना निर्णयापर्यंत कसे न्यावे?

जीवशास्त्र_अध्यापिका (धागाकर्ती)

नमस्कार. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावात मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या अभ्यासक्रमात जैवविविधता, तिचे संवर्धन आणि पर्यावरणाच्या समस्या यांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि आमची मुले त्यात उत्तम गुण मिळवतात. एखादा प्रदेश जैवविविधतेच्या दृष्टीने अतिसंवेदनशील ठरण्यासाठी तेथे किमान १५०० प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त त्याच प्रदेशात आढळणाऱ्या, वनस्पती असाव्या लागतात आणि मूळ वनस्पतींचे आच्छादन किमान ७० टक्के नष्ट झालेले असावे लागते, हे त्यांना तोंडपाठ असते. तरीही मागच्या जुलैत घडलेल्या एका प्रसंगाने मला माझ्या शिकवण्याविषयी गंभीरपणे विचार करायला लावले, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

वृक्षारोपणाच्या कार्यक्रमासाठी आम्ही गावाच्या गायरानावर गेलो होतो. खड्ड्यांच्या जागा आदल्या दिवशीच फक्की टाकून आखलेल्या होत्या. डोक्यावर एक टिटवी सतत ओरडत घिरट्या घालत होती, पण तिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. एवढ्यात एका मुलीने हाक मारली, "मॅडम, इथले चार खडे वेगळे दिसतायत." वाकून पाहिले तर ती टिटवीची अंडी होती. मातकट रंगावर काळपट ठिपके, टोके आतल्या बाजूला वळवलेली, भोवती बारीक मुरमाच्या कड्यापलीकडे घरटे म्हणावे असे काहीही नाही. आणि फक्कीची खूण तिथून जेमतेम दोन वितींवर. मुलांनी तो एक खड्डा बाजूला सरकवला, अंड्यांभोवती दगड मांडले, आणि उरलेली सगळी रोपे ठरलेल्या जागी लावून आम्ही परत आलो.

याच मुलांनी दोन आठवड्यांपूर्वीच्या चाचणीत "अधिवासाचा नाश हे जैवविविधतेच्या ऱ्हासाचे प्रमुख कारण आहे" असे लिहिले होते. ते गायरान हाच एक अधिवास आहे, त्यावर सावली आणणे म्हणजे तो अधिवास बदलणे आहे, हा संबंध त्यांच्यापैकी एकालाही जुळवता आला नाही. त्या दिवशी मीही तो जुळवून दिला नाही, याचे मला वाईट वाटते.

आता येत्या पावसाळ्यात उरलेल्या सुमारे १८ हेक्टरांवर समतल चर (उताराला आडवे, पाणी अडवणारे लांब खड्डे) खणून गिरिपुष्पाची झाडे लावण्याचा विचार ग्रामपंचायतीत चालू आहे. टिटवीची अंडी पाहणारी मुले मला विचारतात, की हे चांगले की वाईट? माझे मत त्यांना सांगणे सोपे आहे, पण त्यांनी माझे मत घेऊन गावात जावे अशी माझी इच्छा नाही. जे ज्ञान आपण त्यांना देतो, ते वापरून एका खऱ्या प्रश्नावर स्वतःचे मत कसे बनवावे आणि ते जबाबदारीने कसे मांडावे, हे त्यांना शिकवायचे आहे. आठवड्याला एखादी जास्तीची तासिका आणि महिन्यातून एक शनिवार एवढाच वेळ माझ्या हाती आहे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

माळावरचा_अभ्यासक

मॅडम, टिटवीचा प्रसंग आपण इतक्या प्रामाणिकपणे लिहिलात, याबद्दल मनापासून आभार. सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतील माळरानांवर मी अनेक वर्षे पक्ष्यांच्या नोंदी घेत आलो आहे आणि त्या निमित्ताने काही शाळांबरोबर काम केले आहे. त्या अनुभवावरून एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: क्रम उलटा करा. आपण आधी जातींची यादी करतो, मग त्यांचे महत्त्व सांगतो आणि शेवटी वेळ उरलाच तर "संवर्धनाचे उपाय" लिहून देतो. त्याऐवजी पहिल्याच दिवशी फळ्यावर ग्रामपंचायतीचा प्रस्ताव लिहा. चर कुठे खणणार, किती अंतरावर, झाड कोणते, केव्हा. मग मुलांना विचारा, की हा निर्णय योग्य की अयोग्य हे ठरवण्यासाठी आपल्याला काय काय माहीत असायला हवे? त्या प्रश्नांतून जी यादी निघेल, तीच तुमची जैवविविधतेची यादी. तिच्यातल्या प्रत्येक नावाला काही तरी काम असेल.

पाहणीची पद्धत साधी ठेवा. आम्ही ५० मीटरची दोरी घेतो, तिला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारतो आणि माळावर सरळ ताणून धरतो. एक मुलगा प्रत्येक गाठीशी सायकलचा जुना स्पोक उभा जमिनीत टेकवतो आणि त्याला काय लागले ते मोठ्याने सांगतो: कुसळी, मारवेल, मोकळी माती, मुरूम, शेण, गाजरगवत. दुसरा लिहून घेतो. एका शाळेत हे करताना "इथे तर काहीच नाही, नुसता माळ आहे" असे म्हणणारा एक मुलगा मला आठवतो. वीस-पंचवीस गाठी झाल्यावर तो गुडघे टेकून बसला, कारण उभ्याने एकसारखी दिसणारी गवते खाली बसल्यावर वेगवेगळी दिसू लागली होती. कुसळीची कुसळे पीळ घातलेली असतात आणि ओली झाली की फिरतात, हे त्याने तळहातावर थुंकी लावून सगळ्यांना करून दाखवले. बी जमिनीत कसे शिरते हे त्यानंतर कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

दुसरी गोष्ट ऋतूंची. ही दोरी एकदाच टाकून भागणार नाही. पहिल्या पावसानंतर, मग सप्टेंबरच्या शेवटी गवत फुलोऱ्यात असताना, आणि पुन्हा फेब्रुवारीत, अशी किमान तीन वेळा ती त्याच जागी टाकायला हवी. लागवडीचे निर्णय बहुधा एप्रिल-मेमध्ये होतात आणि नेमका त्याच वेळी माळ सर्वांत उजाड दिसतो. गवताचा जीव तेव्हा मुळांत आणि बियांत असतो, पण बैठकीत बसलेल्या माणसांना तो दिसत नाही. सप्टेंबरमधले आणि मेमधले, एकाच खुंटापाशी उभे राहून काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, की कोणत्याही भाषणाविना पुष्कळ काही सांगून होते.

त्यानंतर कार्यकारणभावाकडे वळा, कारण "ज्ञान वापरणे" म्हणजे नेमके हेच आहे. चंडोल, धाविक, पखुर्डी, टिटवी हे सगळे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. धोका दुरूनच दिसला पाहिजे, ही त्यांची गरज असते. मधे झाडांच्या रांगा आल्या की त्यांची नजर अडते आणि कावळ्यांना टेहळणीसाठी जागा मिळते. माळावरची बहुतेक गवते भरपूर ऊन मागणारी आहेत, त्यामुळे सावली दाट झाली की ती विरळ होत जातात. चर खणले की वरचा मातीचा पातळ थर उलटतो आणि मुरूम वर येतो. अशा उकरलेल्या जागी सर्वांत आधी काय उगवते, हे तुमच्या गावातला जुना चर दाखवून मुलांनाच शोधायला सांगा. पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा लक्षात आलेले गाजरगवत आज कुठल्या जागा धरून बसले आहे, याचे उत्तर त्यांना तिथेच मिळेल. गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतले. त्याला आपल्याकडे उंदीरमारी असेही म्हणतात, आणि हे नाव का पडले असेल एवढा एक प्रश्न मुलांना त्याच्या गुणधर्मांपर्यंत नेतो. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी हेच झाड उपयोगी आहे, हेही मुलांना सांगा. झाड वाईट नाही. प्रश्न जागेचा आहे.

एक सावधगिरी मात्र पाळा. लांडग्याची किंवा खोकडाची बीळे दिसली तर त्यांची जागा आणि फोटो कुठेही जाऊ देऊ नका. एका सहलीत मुलांनी लांडग्याच्या पिल्लांचा फोटो कौतुकाने गावच्या गटावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओघळीपाशी मोटारसायकली उभ्या होत्या. मादीने पिल्ले हलवली असावीत, कारण नंतर तिथे कोणी दिसले नाही. माहिती कधी सांगायची नाही, हाही संवर्धनाच्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि तो मी त्या दिवसापर्यंत शिकवत नव्हतो.

---

समिती_सदस्य

माळावरच्या अभ्यासकांनी पाहणीचे सांगितले. ती पाहणी कुठे पोहोचवायची, यावर मी थोडे लिहितो. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीतही ती असणार. लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम. या नोंदवहीची कल्पना कायद्याच्याही आधीची आहे, डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ती मांडली, तेव्हा तिचा गाभाच असा होता की लोकांनी स्वतःच्या परिसराविषयी स्वतः नोंद करावी.

प्रत्यक्षात काय झाले, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि त्यानंतर दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे राज्यांना बजावले. परिणामी शेवटच्या काही महिन्यांत अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईने पूर्ण करण्यात आल्या. आमच्या गावच्या नोंदवहीत माळरानाला अर्धे पान आहे आणि त्यात गवताच्या एकाही जातीचे नाव नाही. तुमच्या गावची नोंदवही ग्रामसेवकांकडे मागा आणि मुलांना तिची तपासणी करू द्या. काय लिहिले आहे, काय राहिले आहे, काय चुकले आहे. वर्गात बसून करता येण्यासारखे इतके चांगले काम दुसरे मला माहीत नाही, आणि त्यातून जी भर पडेल ती कायद्याने मान्य केलेल्या दस्तऐवजात पडेल.

मांडणीविषयी एवढेच सांगतो, की ४० पानांचा प्रकल्प अहवाल कोणीही वाचत नाही. एक पान, एक हाताने काढलेला नकाशा आणि दोन फोटो पुरेसे आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास ग्रामसभा होतात, त्यामुळे तुमचे काम फेब्रुवारीत संपत असेल तर १ मेची सभा धरा. १८ वर्षांखालील मुलांना तिथे मत नसते, पण सरपंचांची परवानगी घेऊन त्यांनी माहिती सांगायला हरकत नसते. आणखी एक. मेंढपाळांकडून किंवा वैदूंकडून मिळालेली औषधी वनस्पतींची माहिती त्यांना विचारल्याशिवाय कुठेही छापू नये किंवा गटावर टाकू नये. ती त्यांची आहे.

---

निवृत्त_वनरक्षक

धागा पूर्ण वाचला. मॅडमची तळमळ मला पटते, परंतु काही बाबतींत माझे मत वेगळे आहे आणि ते मोकळेपणाने मांडतो. माझी सगळी नोकरी रोपे लावण्यात आणि जगवण्यात गेली. २०१६ साली १ जुलैला राज्यात २ कोटी रोपे लावण्याचा कार्यक्रम झाला, २०१९ साली तेच लक्ष्य ३३ कोटींवर गेले. एवढी रोपे लावायची तर मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा म्हणजे माळ, असा साधा हिशोब होता. देशपातळीवरच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही गवताळ आणि खुरट्या झुडपांचा मोठा भाग पडीक म्हणूनच रंगवलेला असतो. त्यामुळे माळावर झाडे लावणाऱ्या प्रत्येक माणसाने चुकीच्या हेतूने लावली असे मुलांच्या मनात भरू नये, ही माझी पहिली विनंती.

दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक उघडा माळ मुळातला गवताळ प्रदेश नसतो. काही जागी खरोखरच झाडी होती आणि ती गेल्या दोन-तीन पिढ्यांत तुटली. मुलांनी हा फरक ओळखायला शिकले पाहिजे. मातीचा थर किती आहे, जुने बुंधे किंवा मुळांतून फुटणारे धुमारे दिसतात का, गावातल्या ८० वर्षांच्या माणसाला तिथे काय आठवते, हे पाहिल्याशिवाय "इथे झाड नको" असे म्हणणे हेही "इथे झाड हवे" म्हणण्याइतकेच उतावळेपणाचे आहे.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मजुरीची. १९७२च्या दुष्काळापासून आपल्याकडे रोजगार हमीची कामे पाहिलेली माणसे गावोगाव आहेत. चर खणणे आणि खड्डे घेणे म्हणजे उन्हाळ्यातले हमखास काम, आणि त्यावर स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. तुमच्या विद्यार्थिनींपैकी एखादीची आई त्याच कामावर जाणार असेल. मुलांनी ग्रामसभेत उभे राहून "चर खणू नका" म्हटले आणि त्या मजुरीचे काय याचे उत्तर दिले नाही, तर त्यांचे ज्ञान कितीही बिनचूक असले तरी गाव ते ऐकणार नाही, आणि ऐकू नये असेच मी म्हणेन.

मात्र याला उत्तर आहे. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटणे, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पवन्या आणि मारवेलचे बी गोळा करणे, उघड्या पडलेल्या जागी ते पेरणे, गवत कापून गंजी लावणे, वणवा अडवण्यासाठी जाळपट्टे काढणे, ही सगळी माणसांच्या हातांनी होणारी कामे आहेत. झाडेही लावता येतील: ओढ्याच्या काठाने, शाळेभोवती, देवळापाशी, बांधांवर. माळाच्या कडेला बोर, हिवर, खैर विरळ लावले तर मेंढपाळही खूश होतील, कारण हिवराच्या शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात. मुलांना सांगा, की प्रस्तावाला विरोध करायचा असेल तर त्याच खर्चाचा आणि तितक्याच मनुष्यदिवसांचा दुसरा प्रस्ताव तयार करा. हे गणित करायला त्यांना जीवशास्त्राबरोबर थोडी आकडेमोडही करावी लागेल, आणि ती त्यांनी करावी.

सोलापूरजवळच्या नान्नजचे उदाहरणही त्यांना जरूर सांगा. माळढोक या माळरानावरच्या दुर्मिळ पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले, पण त्याच्या सीमेत शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी मोठ्या प्रमाणावर आल्या, व्यवहारांवर बंधने आली आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयीच कटुता निर्माण झाली. पुढे अभयारण्याचे क्षेत्र पुष्कळ कमी करावे लागले. माळढोक वाचवण्याची इच्छा खरी होती, पक्ष्याविषयीचे ज्ञानही होते; आसपासच्या माणसांचा हिशोब मात्र आधी झाला नव्हता.

---

जीवशास्त्र_अध्यापिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वनरक्षक काका, आपला प्रतिसाद वाचून मी आज सकाळीच वर्गात विचारले, की कोणाच्या घरचे रोजगार हमीच्या कामावर जातात. सात हात वर झाले. त्यांपैकी एक हात टिटवीची अंडी दाखवणाऱ्या मुलीचा होता. हे मला आजवर माहीत नव्हते, आणि ते माहीत नसताना मी तिला ग्रामसभेत बोलायला सांगण्याच्या विचारात होते.

दोन शंका आहेत. पहिली, दिवाळीनंतर आमच्या भागातून धनगरांचे वाडे मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या सुमारास परत येतात. म्हणजे ग्रामसभेच्या वेळी, १ मेला, गायरानाचा सर्वाधिक उपयोग करणारी माणसेच गावात नसतील. त्यांची बाजू कशी घ्यावी? दुसरी, या सगळ्याला गुण कसे द्यावेत? प्रकल्प वहीला गुण द्यायचे म्हटले की मुले सुबक चित्रे आणि आंतरजालावरून उतरवलेला मजकूर आणून देतात.

---

मराठी_विभाग

मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे या चर्चेत बोलावे की नाही असा संकोच होता. पण वनरक्षक काकांनी "हा माळ मुळातला की तुटलेल्या झाडीचा" हा प्रश्न उपस्थित केला आणि त्याचे उत्तर शोधण्यात भाषेचा मोठा उपयोग होतो असे मला वाटते.

मुलांना गायरानाचा सातबारा आणायला सांगावे. त्यावर बहुधा "गुरचरण" असा शब्द असेल. गुरांनी चरावे म्हणून राखलेली जमीन, एवढा स्पष्ट अर्थ त्या शब्दातच आहे. शेजारच्या उताऱ्यांवर "पोटखराबा" दिसेल. लागवडीला न येणारा तुकडा तो खराबा, ही महसुलाची दृष्टी. तोच तुकडा मेंढपाळ काय म्हणून ओळखतो, पक्षी पाहणारा काय म्हणतो, सरकारी नकाशा काय म्हणतो, हे शब्द शेजारी शेजारी लिहिले तर एकाच जमिनीकडे किती नजरांनी पाहिले जाते हे मुलांच्या सहज लक्षात येईल. गावातल्या शेतांची आणि माळांची नावेही गोळा करावीत. हिवराचा माळ, बोराटीची पट्टी, कुरण, अशी नावे जिथे जुनी माणसे सांगतात, तिथे त्या नावांतून त्या जागेची पूर्वीची वनस्पती बोलत असते.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातील जुने मराठी वाङ्मय, संतचरित्रे, ओव्या यांत आलेले वनस्पतींचे उल्लेख त्यांनी तपासले आणि त्यांतील बहुसंख्य वनस्पती उघड्या, विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशातल्या निघाल्या. म्हणजे हा भाग निदान साडेसातशे वर्षे असाच माळरानाचा आहे, तुटलेल्या घनदाट जंगलाचा अवशेष नाही, असे त्यातून दिसते. पंढरपूरला विठ्ठलमंदिरात कान्होपात्रेची तरटी आहे हे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेले असते. तरटी हे कोरड्या, उघड्या प्रदेशातले काटेरी झाड आहे, हे मात्र मलाही तो अभ्यास वाचून कळले, आणि इतकी वर्षे कान्होपात्रेचे अभंग शिकवूनही मी त्या झाडाकडे झाड म्हणून पाहिले नव्हते.

मेंढपाळांविषयी असे सुचवते, की त्यांना सभेला बोलावण्यापेक्षा मुलांनी त्यांच्याकडे जावे. वाडे दिवाळीच्या आधी गावाजवळ असतात तेव्हाच जाऊन घरातल्या आजींशी बोलावे, कारण गवतांची नावे आणि ओव्या त्यांच्याकडे असतात. त्यांची परवानगी घेऊन त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि ग्रामसभेत ते तसेच वाचून दाखवावे. मुलांनी ते प्रमाणभाषेत सुधारून घेऊ नये. "ह्या माळाचं गवात मेंढराला लागतं" या वाक्यातले "लागतं" सुधारले की त्यातला अर्थच जातो.

---

माळावरचा_अभ्यासक

वनरक्षक काकांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मजुरीचा मुद्दा माझ्या पहिल्या उत्तरात यायला हवा होता. मराठीच्या मॅडमनी सांगितलेली नावांची पाहणी मी यापुढे आमच्या कामातही घेईन.

गुणांविषयी आम्ही जे करतो ते सांगतो. यादी किती लांब आहे याला गुण नाहीत. चार गोष्टींना आहेत. मुलाने नोंदवलेले निरीक्षण दुसऱ्या कोणी त्याच जागी जाऊन पडताळून पाहू शकेल इतके नेमके आहे का? त्या निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष खरोखर त्यावरून निघतो का? या निर्णयाने ज्यांचे काही जाणार आहे किंवा ज्यांना काही मिळणार आहे, अशा निदान दोन माणसांचे म्हणणे त्यात आहे का? आणि शेवटचा प्रश्न, ज्याला आम्ही सर्वाधिक गुण ठेवतो: "कोणती गोष्ट दिसली असती तर तुझे मत बदलले असते?" याचे उत्तर आंतरजालावरून उतरवता येत नाही. एका मुलीने लिहिले होते, की जुन्या लागवडीच्या भागात दोरीखाली उघड्या माळाइतकेच गवत सापडले असते तर मी लागवडीच्या बाजूने बोलले असते. तिने दोन्हीकडे दोरी टाकली होती, म्हणूनच तिला असे लिहिता आले. तुमच्याकडे तर मागच्या जुलैची लागवड तयारच आहे. तिथे एक आणि न लावलेल्या १८ हेक्टरांत एक, अशा दोन दोऱ्या पहिल्याच शनिवारी टाका. एका वर्षाच्या रोपांची सावली फारशी नसेल, त्यामुळे फरक कमी दिसेल, आणि तो कमी दिसला तर मुलांनी तसेच लिहावे. तीन वर्षांनी पुढची तुकडी त्याच खुंटांशी दोरी बांधील तेव्हा ही पहिली नोंद मोलाची ठरेल, म्हणून खुंटांच्या जागा नोंदवहीत नीट लिहून ठेवा.

टिटवी फेब्रुवारी-मार्चपासूनच अंडी घालू लागते. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर जाल तेव्हा मुलांना एका रांगेत, पायांखाली पाहत चालायला सांगा, आणि टिटवी ओरडू लागली की तिथूनच मागे फिरा.

---

जीवशास्त्र_अध्यापिका

येत्या शनिवारी २२ मुले येत आहेत. दोरीच्या गाठी मारण्याचे काम त्या सात मुलांकडे दिले आहे आणि गावची नोंदवही पाहायला मिळावी म्हणून ग्रामसेवकांना मुलांनीच अर्ज लिहिला आहे. रोजगार हमीवर मागच्या उन्हाळ्यात किती दिवस काम मिळाले, हे टिटवीवाली मुलगी आईला आणि शेजारच्या बायकांना विचारून लिहून आणणार आहे. दोरी घरातली जुनी सुती आहे, ती चालेल ना?

---

माळावरचा_अभ्यासक

सुती दोरी नको, मॅडम. सकाळच्या दवात ती भिजते आणि आखडते, मग गाठींमधले अंतर बदलते आणि पुढच्या वर्षीच्या नोंदी जुळत नाहीत. नायलॉनची घ्या, आणि दर दहाव्या गाठीला लाल चिंधी बांधा, म्हणजे मोजताना मुले चुकणार नाहीत.